'टॅक्सी ड्रायव्हर' बघायचा असेल तर आधी ते रील्स विसरा

मिलिटरी जॅकेट घातलेला एक बारीक माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःलाच दम देतोय, बाहीतून पिस्तूल सटकन बाहेर येतंय, खाली 'सिग्मा' नाहीतर 'एकटा वाघ' असलं काहीतरी लिहिलंय आणि मागे ढॅणढॅण म्युझिक... हे रील अजून तुमच्यापर्यंत आलं नसेल तर नशीबवान आहात. ज्यांनी पिक्चर पाहिलेला नाही त्यांनाही हा सीन पाठ असतो. पिक्चर 'टॅक्सी ड्रायव्हर', १९७६ चा, डायरेक्टर मार्टिन स्कोर्सेसी, आणि आरशासमोर उभा आहे तो रॉबर्ट डी नीरो. आता यात 'वाघ' कुठे दिसतो देव जाणे. त्या खोलीत दुसरं कोणीच नाहीये. ज्याला तो दम देतोय तो माणूसच अस्तित्वात नाहीये. स्क्रिप्टमध्ये म्हणे एवढंच लिहिलं होतं की ट्रॅव्हिस (डी नीरोचं पात्र) आरशात बघून बोलतो, पुढचं सगळं डी नीरोने सेटवर जागच्या जागी केलं, आणि बघताना अंगावर काटा येतो तो त्याच्या दराऱ्यामुळे नाही, तर अख्ख्या पिक्चरमध्ये ह्या माणसाचं सगळ्यात मोकळं बोलणं हेच आहे हे लक्षात येतं म्हणून येतो.

(स्पॉयलर भरपूर आहेत. पन्नास वर्षं जुना पिक्चर आहे, आता काय लपवायचं.)

गोष्ट म्हटली तर चार ओळींची. ट्रॅव्हिस बिकल, वय २६, अमेरिकन सैन्याच्या मरीन्समधून १९७३ साली सुटलेला, न्यूयॉर्कमध्ये एका कळकट खोलीत एकटा राहतो. रात्री झोप लागत नाही. नुसतं भटकण्यापेक्षा पैसे तरी मिळतील म्हणून टॅक्सीच्या गॅरेजमध्ये नोकरी मागायला जातो आणि संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, कधी आठपर्यंत, आठवड्याचे सहा नाहीतर सातही दिवस, टॅक्सी चालवतो. बाकीचे ड्रायव्हर काही एरिया टाळतात, हा कुठेही जातो. पहाटे मागची सीट पुसतो, त्या सीटवर काय काय सांडलेलं असतं ते तोच सांगतो, इथे लिहीत नाही. मग एक बाई आवडते, ती सोडून जाते, मग आयरिस नावाची एक बारा-साडेबारा वर्षांची वेश्या भेटते, तिला सोडवायचं डोक्यात बसतं, मधेच एका पुढाऱ्याला मारायचा बेत होतो, आणि शेवटी रक्ताचा सडा. बस्स, एवढंच. पण सांगून जे हाती लागतं ते काहीच नाही, कारण पिक्चर गोष्टीत नाहीच, तो त्या टॅक्सीच्या काचेत आहे.

काच म्हणजे खरोखर काच. पावसाने भिजलेली, वायपर फिरणारी, लाल-हिरवे निऑन दिवे वितळल्यासारखे दिसणारी. मायकल चॅपमन कॅमेरामन. सुरुवातीला रस्त्यातून निघणाऱ्या वाफेतून ती पिवळी टॅक्सी जी बाहेर येते ना, बाप रे, तिथेच कळतं की हे शहर आपण साध्या डोळ्यांनी बघणार नाही आहोत. आणि तेव्हाचं न्यूयॉर्क खरंच तसं होतंच, सेट लावायची गरज नव्हती. शूटिंग १९७५ च्या उन्हाळ्यात झालं, शहराची तिजोरी रिकामी, नोकरकपात, त्यात सफाई कामगारांचा संप झालेला, रस्त्यावर कचऱ्याचे ढीग, वरून उकाडा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या डेली न्यूजने प्रेसिडेंट फोर्डनी शहराला 'मरा तिकडे' म्हटल्यासारखी हेडलाइन छापली होती (फोर्ड नेमके त्या शब्दांत बोलले नव्हते, पण मदत नाकारली होती). तर टाइम्स स्क्वेअरच्या आजूबाजूचे ते ब्लू फिल्मचे थिएटर, दलाल, फूटपाथवरची गर्दी हे सगळं खरं आहे.

पण इथेच एक लोच्या आहे, आणि माझं ह्या पिक्चरबद्दलचं मुख्य म्हणणं तेच आहे. सगळे म्हणतात की शहराने ट्रॅव्हिसला एकटं पाडलं आणि एकटेपणाने त्याला वेडा केलं. ऐकायला छान वाटतं. पण पिक्चर नीट बघा हो. लोक त्याच्याकडे येतात! एकामागोमाग एक येतात आणि हा प्रत्येकाला परत पाठवतो.

गॅरेजमधला तो नोकरी देणारा माणूस आधी खेकसतो, मग कळतं की दोघंही मरीन, लगेच नरमतो. कॅफेटेरियात बाकीचे टॅक्सीवाले त्याला टेबलावर बसवून घेतात, गप्पा मारतात, हा मात्र ग्लासात टाकलेल्या अल्का-सेल्टझरच्या (पित्तावरची फसफसणारी गोळी) बुडबुड्यांकडे बघत बसतो आणि कॅमेराही हळूहळू त्या ग्लासात शिरतो, आवाज विरतात. पुढे एकदा तो स्वतःहून विझार्डला बाहेर बोलावतो. विझार्ड म्हणजे पीटर बॉयल, टॅक्सीवाल्यांमधला सीनियर. डोक्यात वाईट वाईट विचार येतायत असं काहीतरी तुटक सांगतो. विझार्ड बिचारा जमेल तसं उत्तर देतो, माणूस काम करत करत त्या कामासारखाच होतो, जा, दारू पी, बाई कर, मजा कर, आपण सगळेच कमी-जास्त गेलेले आहोत. सल्ला फालतूच आहे, मान्य. ट्रॅव्हिस म्हणतो इतकं मूर्ख बोलणं मी ऐकलं नाही, तर विझार्ड म्हणतो अरे मी काय बर्ट्रांड रसेलसारखा तत्त्वज्ञ आहे का, टॅक्सीवाला आहे. हसू येतं, पण ह्या सीनमध्ये पिक्चरचं सगळं आहे. एका माणसाने कसंबसं तोंड उघडलं, समोरच्याने त्याला जमेल तेवढं धरायला बघितलं, आणि दोघांकडेही शब्द नव्हते. आपल्याकडे कट्ट्यावर चहा पिताना असं किती वेळा होतं, कोणीतरी मधेच गप्प होतो, आपण म्हणतो 'टेन्शन नको घेऊ रे', आणि विषय मॅचवर जातो.

मग बेट्सी. सिबिल शेफर्ड. सिनेटर पॅलंटाइनच्या प्रचार ऑफिसमध्ये काम करणारी, पांढऱ्या ड्रेसमध्ये पहिल्यांदा दिसते आणि हा दिवसचे दिवस टॅक्सीतून तिच्याकडे बघत बसतो (आजच्या भाषेत स्टॉकिंग, सरळ). तरीही ती त्याच्याबरोबर कॉफीला येते. त्याला हसते, त्याच्यावर एका गाण्यातल्या ओळी बसवते, हा जाऊन तीच रेकॉर्ड तिच्यासाठी विकत आणतो. इथपर्यंत वाटतं की चला, जमतंय. आणि मग हा पठ्ठ्या पहिल्या पिक्चर डेटला तिला पॉर्न थिएटरमध्ये घेऊन जातो! मुद्दाम नाही. त्याला खरंच कळत नाही की यात काय चुकलं, त्याच्या मते तिथे जोडपी येतातच की. ती उठून निघून जाते, आणि त्याच्या डोक्यात ती एका मिनिटात देवीवरून 'इतरांसारखीच' होते. मधलं काही नसतंच त्याच्याकडे. बाई एकतर देवी नाहीतर नरकात जाणारी.

ह्यानंतर तो फोनचा सीन येतो, आणि ह्या एका शॉटसाठी मी हा पिक्चर कोणालाही बघायला लावीन. ट्रॅव्हिस एका लॉबीत भिंतीवरच्या पब्लिक फोनवरून बेट्सीशी बोलतोय, माफी मागतोय, फुलं मिळाली का विचारतोय, पलीकडून काय येतंय ते आपल्याला ऐकू येत नाही पण त्याच्या चेहऱ्यावरून कळतंच. आणि बोलणं चालू असतानाच कॅमेरा त्याला सोडून बाजूला सरकतो आणि रिकाम्या कॉरिडॉरकडे बघत थांबतो. बोलणं चालूच. कॉरिडॉरमध्ये काही नाही, शेवटी दरवाजा आणि रस्ता. म्हणजे कॅमेऱ्यालाच त्याच्याकडे बघवत नाही. पुढे जो एवढा रक्तपात दाखवलाय तिथे कॅमेरा तोंड फिरवत नाही, रक्त नीट, सावकाश, वरून बघतो. तोंड फिरवतो ते इथे. स्कोर्सेसीलाही हाच शॉट सगळ्यात महत्त्वाचा वाटतो असं त्याने सांगितलेलं आहे.

अजून एक गोष्ट जी लोक सांगत नाहीत. पिक्चर जवळपास सगळा ट्रॅव्हिसच्या नजरेतून आहे, पण काही मोजके तुकडे असे आहेत जिथे तो नाही. प्रचार ऑफिसमधे बेट्सी आणि तिच्याबरोबर काम करणारा टॉम (अल्बर्ट ब्रूक्स) टाइमपास करत असतात, फालतू जोक, थोडं फ्लर्टिंग, उजेड स्वच्छ, शहर एकदम नॉर्मल. तेच न्यूयॉर्क बरं का, तोच उन्हाळा! कचरा तोच, फक्त बघणारा बदलला. हे कळलं की मग ट्रॅव्हिसची ती डायरी, एक दिवस मोठा पाऊस येईल आणि सगळी घाण धुऊन नेईल वगैरे, ती भविष्यवाणी वाटत नाही, ती त्याच्या काचेवरची घाण वाटते. आणि त्या 'घाणी'त तो कोणाला धरतो ते पण बघा, काळ्या माणसांकडे तो ज्या नजरेने बघतो ते स्कोर्सेसी लपवत नाही, कॅफेटेरियात कॅमेरा त्यांच्यावर उगाच रेंगाळतो. लेखक पॉल श्रेडरच्या मूळ स्क्रिप्टमध्ये आयरिसचा दलाल काळा होता, पण ते दाखवलं तर थिएटरमध्येच मारामाऱ्या होतील ह्या भीतीने बदललं आणि हार्वी कायटेल आला. ट्रॅव्हिस हा नुसता बिचारा नाही, तो वर्णद्वेषी पण आहे, हे रीलमध्ये येत नाही.

श्रेडरबद्दल सांगायलाच हवं कारण पिक्चरमधला एकटेपणा वाचून आणलेला नाहीये. लग्न मोडलेलं, काम नाही, कारमध्ये झोपायचा, दारू चालू, शेवटी अल्सरने हॉस्पिटलमध्ये पोचला आणि तिथल्या नर्सशी बोलताना त्याच्या लक्षात आलं की आपण कित्येक आठवड्यांत कोणाशी बोललेलोच नाही. तिथून ती टॅक्सी डोक्यात आली, माणसांनी भरलेल्या शहरातून फिरणारी लोखंडी पेटी. दुसरा धागा म्हणजे आर्थर ब्रेमर, ज्याने १९७२ मध्ये जॉर्ज वॉलेस ह्या पुढाऱ्यावर गोळ्या झाडल्या होत्या. पुढाऱ्याशी त्याचं राजकीय वैर असं काही नव्हतं, त्याला फक्त नाव पाहिजे होतं. ट्रॅव्हिसचं पॅलंटाइनशी तेच. तोच पॅलंटाइन आधी त्याच्या टॅक्सीत बसून गेलेला असतो, ह्याने त्याला शहर साफ करा सांगितलेलं असतं, काहीही वैर नाही. बेट्सीच्या जवळचा कोणीतरी मोठा माणूस एवढंच.

आपल्याकडे बघा त्याच सुमाराला अँग्री यंग मॅन जोरात होता. पण आपल्या रागावलेल्या हिरोला कारण असायचं, बापावर अन्याय, आईचे कष्ट, एक स्मगलर नाहीतर मिलमालक समोर. ट्रॅव्हिसकडे राग आधी आहे, कारण नंतर शोधतोय. पहिलं टार्गेट हुकलं की अर्ध्या दिवसात दुसरं. पुढाऱ्याला मारायला गेला, सिक्युरिटीवाल्यांनी पाहिलं, पळाला, त्याच रात्री दलालाकडे गेला. तिथे गोळ्या चालवल्या तर हिरो, सकाळी चालल्या असत्या तर खुनी. फरक फक्त कोण आधी सापडलं ह्याचा!

आयरिसचं काम केलंय जोडी फॉस्टरने, तेव्हा ती स्वतः बारा वर्षांची. हे आज बघताना पोटात कालवतं आणि कालवलंच पाहिजे. काम मिळण्याआधी तिची मानसिक तपासणी झाली होती आणि जास्त बोल्ड शॉट्सना तिच्याऐवजी तिची मोठी बहीण कॉनी उभी राहिली. पण ब्रेकफास्टचा सीन आहे तिचा आणि डी नीरोचा, ब्रेडवर जॅम आणि वरून साखर ओतून खातेय, त्याला प्रश्न विचारून गप्प करतेय, एका क्षणी चालू मुलगी वाटते आणि पुढच्याच क्षणी फक्त सहावी-सातवीतली पोर. ऑस्कर नॉमिनेशन मिळालं, हक्काचं. आणि एक छोटी गोष्ट लक्ष ठेवून बघा. पहिल्यांदा ती पळून जायला त्याच्या टॅक्सीत घुसते तेव्हा दलाल तिला ओढून बाहेर काढतो आणि गप्प बसायचे म्हणून एक चुरगळलेली वीस डॉलरची नोट पुढे टाकतो. ती नोट ट्रॅव्हिस खर्चत नाही, वेगळी ठेवतो. ती नोट पुढे कुठे बाहेर येते ते बघा, संवाद एक नाही पण त्या माणसाची सगळी लाज त्यात आहे.

शेवटचा गोळीबार. आता आपण ह्याहून दसपट रक्त ओटीटीवर जेवता जेवता बघतो, तरी हा झेपत नाही कारण ह्यात स्टाइल नाही, धडपड आहे. गोळ्या संपतात, माणसं मरतच नाहीत, किंचाळत मागे येतात, आयरिस कोपऱ्यात रडतेय, नको म्हणतेय. हिला वाचवायला आलाय ना हा! तिचं कोण ऐकतंय. रेटिंगवाल्यांनी एक्स रेटिंगची (फक्त मोठ्यांसाठीचा शिक्का) भीती घातली म्हणून स्कोर्सेसीने ह्या सीनचे रंग फिके केले, रक्त लालभडक न दिसता तपकिरी-मळकट दिसतं, आणि माझ्या मते त्यामुळे ते जास्तच भयानक झालं, जुन्या पेपरातल्या फोटोसारखं. मग कॅमेरा छतावरून सगळं पसरलेलं बघत बघत मागे जातो, त्यासाठी त्या पाडायला काढलेल्या बिल्डिंगचं छत खरंच कापलं होतं.

आणि ह्यानंतर ट्रॅव्हिस हिरो होतो. भिंतीवर पेपरची कात्रणं, आयरिसच्या आईवडलांचं आभाराचं पत्र, बेट्सीसुद्धा टॅक्सीत बसते. बरेच लोक म्हणतात हे सगळं त्याचं मरतानाचं स्वप्न आहे. मला ही थिअरी अजिबात पटत नाही. स्वप्न म्हटलं की आपण सुटलो ना! खरी भीती ही आहे की हे खरं आहे, पेपर असंच छापतात, लोक असेच टाळ्या वाजवतात, आणि तो माणूस परत नाईट शिफ्टला लागतो, शेवटी आरशात एकदम काहीतरी दिसल्यासारखा दचकतो आणि टॅक्सी चालूच. १९८१ मध्ये जॉन हिंक्लीने प्रेसिडेंट रीगनवर गोळ्या झाडल्या, जोडी फॉस्टरचं लक्ष वेधायला, हा पिक्चर त्याच्या डोक्यात बसलेला होता. रीलवाल्यांच्या आधीचा रीलवाला म्हणायचा तो.

म्युझिक बर्नार्ड हर्मनचं, हिचकॉकचा 'सायको' केलेला माणूस. एकीकडे ड्रम आणि ब्रासचा जड, श्वास कोंडणारा आवाज आणि मधेच ते सॅक्सोफोन, रोमँटिक, आळसावलेलं, कुठल्यातरी वेगळ्याच पिक्चरमधून आल्यासारखं. म्हणजे ट्रॅव्हिसच्या मते तो ज्या पिक्चरमध्ये आहे त्याचं म्युझिक सॅक्सोफोनचं आहे. २३ डिसेंबर १९७५ ला रेकॉर्डिंग संपलं आणि काही तासांत हर्मन गेले. मोबाईलच्या स्पीकरवर बघणाऱ्यांना शिक्षा ठेवली पाहिजे, हेडफोन तरी लावा.

खटकलेलं पण सांगतो. बेट्सी मुळात ह्याच्याबरोबर कॉफीला का जाते हे मला कधी पुरतं पटलं नाही, शेफर्ड छान करते पण लिहिलंयच अर्धवट. कायटेल आणि फॉस्टरचा तो डान्सचा सीन, दलाल तिला किती गोडीत धरून ठेवतो ते दाखवणारा, अस्वस्थ करणारा आणि गरजेचा, पण आजूबाजूच्या लयीत जरा उपरा वाटतो. स्कोर्सेसी स्वतः एका प्रवाशाचं काम करतो, मागच्या सीटवर बसून बायकोला कसं मारणार ते सांगणारं गिऱ्हाईक, मूळ नट जखमी झाला म्हणून आला म्हणे, पण असा सीन की नंतर अंघोळ करावीशी वाटते (इथे वर्णद्वेष आणि बाईद्वेष दोन्ही उघडा आहे, तयारीने बघा). आणि मधला भाग संथ आहे. रोज तेच, तीच टॅक्सी, तीच खोली. मला ते चालतं, तुम्हाला नाही चालणार कदाचित.

बक्षिसांचं थोडक्यात, कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये १९७६ चा पाम डी'ऑर (तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस) मिळाला, ऑस्करला चार नॉमिनेशन आणि हातात शून्य, बेस्ट पिक्चर 'रॉकी'ला गेला. एकाच शहरी एकट्या पुरुषावर त्या वर्षी दोन पिक्चर होते म्हणा, लोकांनी हसून घरी पाठवणारा निवडला. चूक नाही त्यांची.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा बेट्सीसाठी कापलाय. घरच्यांबरोबर, लहान मुलं आसपास असताना अजिबात नको. इंग्रजी समजत असलं तरी सबटायटल लावा, डी नीरो तोंडातल्या तोंडात बोलतो आणि त्याची डायरी चुकली तर पिक्चर चुकला. वेळ साधारण दोन तास. कोणी ते आरशाचं रील पाठवलं की त्याला फोनवाल्या कॉरिडॉरची क्लिप परत पाठवा, मी तेच करतो, अजून एकालाही लाइक आलेला नाही.